थोरल्याचा सूर

काल संध्याकाळी मध्यंतरानंतर बाबा स्टेजवर आले, मांडी घालून बसले, ढोल पुढ्यात ओढला, त्याच्या कातडी पानावर एक थाप मारली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. ते पुढचा पाऊण तास तसेच ठेवले. बासरीवाले वाजवत राहिले, गाणारे गात राहिले, त्यांची मुलं, दादा आणि धाकटी, दोन्ही बाजूंनी आणि काका मागून जीव तोडून वाजवत राहिले, आणि मध्ये हा माणूस फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा ताठ बसला होता. प्रेक्षकांना वाटलं, ही यांची काहीतरी जुनी रीत असणार. शेवटी त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लोकसंगीताच्या महोत्सवात एवढं बरं असतं, काहीही बिनसलं तरी लोक त्याला परंपरा समजतात.

स्टेजवरून उतरताना बाबा दादाला एकच वाक्य बोलले होते, की माझ्या ढोलाला हात लावणारी उद्या माझ्या शेजारी बसणार नाही.

कलाकारांना शाळेत उतरवलं होतं. या घराच्या वाट्याला कोपऱ्यातला एक वर्ग आला होता. बाक भिंतीला सरकवून गाद्या घातल्या होत्या, फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेला त्रिकोण होता, आणि बाकांवर ओळीने चार ढोल ठेवले होते. बाबा खिडकीपाशी, खोलीकडे पाठ करून, शिक्षकांच्या खुर्चीत बसले होते. सकाळचे नऊ वाजले होते आणि त्यांनी अजून कुणाशी शब्द काढला नव्हता.

"माफी माग," दादा म्हणाला. हे तो उठल्यापासून चौथ्यांदा म्हणत होता.

"कशाची?" धाकटीने विचारलं.

"त्यांच्या ढोलाच्या कड्यांना हात लावलास त्याची. चुकून लागला म्हण. धक्का लागला म्हण. काय वाटेल ते म्हण, पण माफी माग. नाहीतर संध्याकाळच्या समारोपाला तू स्टेजवर नाहीस."

"चार कड्या चुकून सैल होतात? त्यांना वेड्यात काढायचं?"

"हळू बोल."

आजोबांनी या घराला एक नियम घालून दिला होता, आणि आजोबांनी घालून दिला म्हणजे विषय संपला. आधी थोरल्याचा ढोल लावायचा. थोरल्याने तो स्वतःच्या कानाने लावायचा, दोऱ्यांतल्या लोखंडी कड्या खालीवर सरकवून पान चढवायचं किंवा उतरवायचं, आणि मग बाकीच्यांनी आपापले ढोल निमूटपणे त्याला मिळवायचे. दुसरं कुठलं वाद्य समोर धरायचं नाही, मोबाइलवरचं सूर दाखवणारं यंत्र तर नाहीच. आणि थोरल्याच्या कड्यांना दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. दोन पिढ्या हे फार सुरेख चाललं, कारण दोन्ही थोरल्यांचे कान सुरेख होते. कान गेला तर काय, याचा विचार आजोबांनी केला नव्हता.

काल बाबा मध्यंतरात चहाला गेले तेव्हा धाकटीने ते बोट लावलं. करणार काय? पहिल्या अर्ध्या भागात त्यांचा ढोल इतका चढलेला होता की बासरीवाल्यांची तोंडं आंबट झाली होती. आणि घरचे बाकीचे ढोल त्यालाच मिळवलेले, म्हणजे चार ढोल एका बाजूला आणि सगळा महोत्सव दुसऱ्या बाजूला. तिने आधी स्वतःचा उतरवला, दादाला डोळ्याने खुणावून त्याचाही उतरवला, काकांचा उतरवला, आणि मग बाबांच्या ढोलाशी वाकली. परत आल्यावर बाबांना ते कानाने कळलं नाही, हाताला कळलं. पान सैल लागलं.

वर्षातून तीन-चार महोत्सवांना ती एकटी जायची. तिथे वाजवायची आणि वाजवलं त्याहून जास्त शिकवायची. तंबूत शिकवलं होतं, गोदामात शिकवलं होतं, एकदा तर रिकाम्या केलेल्या पोहण्याच्या तलावात, कोरड्या तळाशी बसून पस्तीस जणांना घरची चाल शिकवली होती. नर्सा यायच्या, बसचालक यायचे, एक निवृत्त न्यायाधीश यायचे आणि ढोलाला शिक्षा सुनावल्यासारखे ठोकायचे. "खांद्यातून मारू नका, मनगट सोडा," हे वाक्य ती झोपेतही बोलली असती. आणि तिथे तिला दुसऱ्यांचंही बघायला मिळायचं. एक म्हातारा ढोल उन्हात ठेवून पान चढवायचा. एक बाई ओला हात फिरवून उतरवायची. पण पहिली थाप मारण्याआधी सगळे एकमेकांकडे बघून विचारायचे, जमतंय का? घरी हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला तिने ऐकला नव्हता. दोन वर्षांपूर्वी अशीच एका महोत्सवाहून परत येऊन ती सरावाला बसली आणि पहिल्याच थापेला तिच्या अंगावर काटा आला. चारही ढोल किंचाळत होते, आणि बाकीचे तिघेही शांतपणे वाजवत होते.

"मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं," ती आता दादाला म्हणाली. "तू म्हणालास, बाहेर फिरून तुझा कान बिघडलाय."

"म्हणालो असेन."

"आणि तुला माहीत होतं की माझा बिघडलेला नाही."

दादाने बाबांच्या पाठीकडे पाहिलं. "त्यांच्यासमोर हे बोलायची ही जागा आहे का?"

"त्यांच्यासमोर कुठे बोलतोय आपण? त्यांच्या पाठीमागे बोलतोय. तीन वर्षं तेच चाललंय."

काका बाकावर बसून ढोलाच्या एका दोरीला गाठ मारत होते. ते बाबांचे धाकटे भाऊ. चौथा ढोल ते वाजवायचे आणि घरातल्या सगळ्या ढोलांची पानं तेच करायचे, कातडं भिजवण्यापासून मढवण्यापर्यंत. भांडणात पडायचं नाही हे त्यांनी लग्नाआधीच ठरवलं होतं, लग्नही केलं नव्हतं. आजवर त्यांनी दादाचीच बाजू घेतली होती, कारण दादाची बाजू घेतली की घरात लवकर शांत होतं.

"पोरी, माग ना माफी," ते म्हणाले. "दोन शब्दांचं काम. भाऊ निवळेल."

"काका, या वर्षी बाबांच्या ढोलाची किती पानं फाटली?"

काकांचा हात गाठीवर थांबला. "पानं फाटतातच."

"किती?"

"सात."

"आणि पूर्वी?"

"वर्षाला एखादं."

"कातडं खराब लागलं असेल," दादा म्हणाला.

हे त्याने बोलायला नको होतं. काकांना दुसरं काहीही बोललेलं चालायचं. चाळीस वर्षं त्यांनी कातड्यात घालवली होती, आणि त्यांच्या बोटांना जो वास होता तो कुठल्याही साबणाने जायचा नाही.

"माझ्या कातड्याला नाव ठेवू नकोस," ते म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज हळू राहिला नाही. "तुझ्या जन्माआधीपासून पानं मढवतोय. पान फाटतं कधी? झेपेल त्याहून जास्त ताणलं की फाटतं. भाऊ कड्या चढवतच जातो. त्याला तो वरचा टणत्कार ऐकू येत नाही, म्हणून येईपर्यंत चढवतो. मला पहिलं पान फाटलं तेव्हाच कळलं."

"तुम्हाला माहीत होतं?" धाकटी म्हणाली.

"मग? आणि कळल्यावर मी काय केलं, सांगू? जाड पान घालायला लागलो. फाटू नये म्हणून. जाड पान आणखी चढवावं लागतं, ते आणखी कमी बोलतं, मग भाऊ आणखी चढवतो." काकांनी दोरी बाकावर टाकली. "मीच वाढवून ठेवलं सगळं. मूर्ख माणूस मी. आणि हिला काय माफी मागायला लावताय? मी मागायला हवी."

दादाच्या बाजूचा एक माणूस असा अचानक कमी झाला. त्याने आईकडे पाहिलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. झालेल्या घड्या मोडून परत घालत होती.

"आई, तू तरी सांग हिला."

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "तू सांगतोयस ना सगळ्यांना, काय बोलायचं आणि काय नाही."

आईला कुणाच्याही आधी कळलं होतं, पण चुकीचं कळलं होतं. दिवा मालवल्यावर दिवसाचं काहीबाही बोलायची तिची सवय, आणि एका वर्षी त्या अंधारातून उत्तर येणं बंद झालं. तिला वाटलं, हे रागावलेत. कशावर रागावलेत ते तिने शोधून पाहिलं. नको तिथे कमीपणा घेतला, माहेरी जाणं कमी केलं, एकदा रडलीसुद्धा. मग जेवताना तिच्या लक्षात आलं की शेजारी बसणारे हे आता समोर बसतात आणि ती बोलताना तिच्या ओठांकडे बघतात. त्या दिवशी तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि ती कुणाला काही बोलली नाही.

"वर्षभर मी त्याला अबोला समजत होते," आई म्हणाली. "एक आख्खं वर्ष. आणि कळल्यावर तुझ्याकडे आले, तर तू म्हणालास, त्यांना सांगू नकोस, ते खचतील. मी ऐकलं तुझं. का ऐकलं, देव जाणे."

"कारण ते खरंच खचले असते."

"त्यांच्या नावाने तू का घाबरतोस रे?" धाकटी म्हणाली. "तुझं काय जातंय यात?"

उत्तर दादाला चांगलं माहीत होतं. बाबा त्या मधल्या जागेवरून उठले की थोरला तो होता. उद्या ढोल पुढ्यात घेऊन, आधी कुणाचंही न ऐकता, शांततेतून सूर काढायचा होता तो त्याने. आणि त्याला तो येत नव्हता. दुसऱ्याने दिलेल्या सुराला तो बिनचूक मिळवायचा, त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण एकट्याने, कोऱ्या पानावर, त्याला कधीच सापडला नव्हता. घरी कुणी नसताना त्याने शेकडो वेळा करून पाहिलं होतं. बाबा जितकी वर्षं तिथे बसतील तितकी वर्षं हे कुणाला कळणार नव्हतं. म्हणून तो चुकीच्या सुराला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मन लावून आपला ढोल मिळवायचा.

"काय चाललंय?"

बाबा खुर्चीसकट वळले होते.

"काही नाही," दादा आणि आई एकदम म्हणाले.

"काही नाही. तीन वर्षं या घरात काहीच चाललेलं नाही. तुमची तोंडं हलतात आणि काही नसतं." बाबांनी धाकटीकडे बोट केलं. "तू इकडे ये. काय म्हणाले हे सगळे, जसंच्या तसं सांग."

"नको," दादा तिला म्हणाला.

ती गेली. एक बाक ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या समोर बसली आणि वर्गात शिकवताना बोलायची तसं, एकेक शब्द सुटा करून, सगळं सांगितलं. सात पानं, जाड कातडं, अंधारातला अबोला, आईला दादाने घातलेली गप्प राहायची ताकीद. स्वतःचंही सांगितलं. मध्ये एकदा तिचा आवाज फुटला, तेव्हा बाबांनी कपाळाला आठ्या घालून ते वाक्य परत सांगायला लावलं. तिने परत सांगितलं.

"तू दोन वर्षं गप्प होतीस," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि काल चोरून कड्या सोडल्यास."

"हो."

"तोंड नव्हतं तुला?"

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"तुमची, बाबा. या घरात सगळ्यांना वाटते."

बाबांनी नजर तिच्या ओठांवरून काढली. मग ते बोलायला लागले, आणि ज्याला स्वतःचा आवाज नीट कळत नाही अशा माणसासारखे बोलले, फार मोठ्याने. बाहेर व्हरांड्यातून जाणारी दोन माणसं थांबली.

"मला वाटत होतं, बाकीचे उतरलेत. सगळे. बासरीवाले, गाणारे, सगळे आळशी झालेत, सूर पाडून वाजवतात. गेल्या वर्षी स्टेजमागे मी त्या बासरीवाल्याला काय म्हणालो? सांग, काय म्हणालो?"

"बहिरा म्हणालात."

"बहिरा म्हणालो. तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला. पंधरा-वीस लोकांदेखत. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला." बाबा उठले. "आणि तुम्ही चौघं माझ्या मागे उभे होता. चौघांना माहीत होतं, बहिरा कोण आहे ते."

आईने हातातला सदरा तसाच धरून ठेवला. काका जमिनीकडे बघत होते.

"तुमच्या भल्यासाठीच," दादा म्हणाला.

"तोंड वर करून बोल."

"तुमच्या भल्यासाठी, बाबा."

"माझं भलं मला विचारून कर. मी मेलेलो नाही."

दारावर टकटक झाली. महोत्सवाच्या संयोजक बाई होत्या, हातात कागद घेऊन. त्यांनी खोलीतली तोंडं पाहिली आणि आवाज एकदम मऊ केला. "दुपारी तीन वाजता हॉलमध्ये तुमचा शिकवणीवर्ग आहे. चाळीस जणांनी नावं दिलीत. पण तुम्हाला बरं नसेल तर—"

बाबांनी धाकटीकडे पाहिलं. तिने बाईंचं बोलणं समोरून त्यांना सांगितलं.

"येतो," बाबा म्हणाले. "सगळे येतो."

हॉलमध्ये चाळीस माणसं जमिनीवर अर्धवर्तुळात बसली होती, पुढ्यात भाड्याने आणलेले लहान ढोल घेऊन. बाबांनी थाप शिकवली, मनगट शिकवलं, डाव्या हाताचा दाब शिकवला. इतकं नीट शिकवलं की धाकटीला वाटलं, सकाळचं सगळं गिळलं त्यांनी. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने हात वर केला. ही पोस्टात काम करायची, तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिने विचारलं, "आणि सूर कसा लावायचा?"

बाबांनी धाकटीकडे बघितलं. तिने प्रश्न सांगितला.

"ते मला विचारू नका," बाबा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

दोघे-तिघे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"हसू नका. आमच्या घरात थोरला सूर देतो. मी तीन वर्षं चुकीचा देतोय आणि माझ्या माणसांनी तीन वर्षं आपले ढोल मुकाट्याने त्याला मिळवले. माझ्या मुलाने, माझ्या भावाने, माझ्या मुलीने. ही आमची परंपरा. लिहून घ्या."

मागच्या रांगेतल्या एकाने खरोखरच लिहून घेतलं.

मग बाबांनी आपला ढोल दोन्ही हातांनी उचलला आणि धाकटीच्या पुढ्यात आणून ठेवला. "लाव."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं तिला हेच हवं होतं, आणि हे असं नको होतं. सकाळी खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, तेव्हा म्हणाले असते तर? चाळीस परक्या माणसांसमोर घरच्या सगळ्यांना उघडं पाडायचं आणि मग ढोल द्यायचा?

"इथे?" तिने विचारलं.

"काल दोन हजार माणसांची पाठ वळलेली बघून लावलास. आज चाळिसांच्या तोंडासमोर लाव."

तिने लावला. बाबांनी रात्री परत चढवलेली एक कडी उतरवली, थाप मारली, ऐकलं. दुसरी उतरवली. रागाने तिचे कान गरम झाले होते, पण कान कामाचे राहिले. सहाव्या थापेला पान मोकळं होऊन बोललं, आणि हॉलमध्ये ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनीही माना वर केल्या. बाबांनी वाकून ढोलाच्या लाकडाला पंजा लावला, तेवढ्यापुरता, आणि काढून घेतला. चांगलं म्हणाले नाहीत. काकांनी न सांगता आपला ढोल पुढे ओढला आणि तिच्या सुराला मिळवायला घेतला.

दादाचा ढोल तसाच होता. बाबा अर्धवर्तुळाच्या मागे, थेट शेवटच्या खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. त्यांचं झालं होतं.

"बाबा," दादाने हाक मारली. "संध्याकाळी मध्ये कोण बसणार?"

बाबा बाहेर बघत राहिले. दादाने परत हाक मारली, मग उठला, चाळीस माणसांच्या गुडघ्यांतून आणि ढोलांतून वाट काढत खिडकीपर्यंत गेला, वळसा घालून त्यांच्या समोर उभा राहिला आणि तेच परत विचारलं.

"तिला विचार," बाबा म्हणाले. "आणि ती काय म्हणते ते मला येऊन सांग. असाच, समोर येऊन."

सगळा हॉल माना वळवून बघत होता. दादा त्याच गुडघ्यांतून परत आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. धाकटीला त्याची दया आली आणि रागही आला, राग जास्त.

तो तिच्याजवळ वाकला आणि दातओठ आवळून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "संध्याकाळी मध्ये कोण बसणार?"

"मोठ्याने विचार," धाकटी म्हणाली.